अडलेल्या जागांची वही: इंग्रजी कथा वाचताना आणि मराठीत आणताना

पावसाळा लागला की गोव्यात फोंड्याला आमच्याकडे रविवारी संध्याकाळी चार-पाच जण इंग्रजी कथा मराठीत आणायला जमतात. कुणी एम.ए.ला भाषांतराचा पेपर घेतलेला, कुणी शाळेत इंग्रजी शिकवणारी, शिवाय बँकेतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांना आता आयुष्यात राहिलेलं सगळं वाचायचं आहे. नवीन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "आधी कुठला सिद्धांत वाचू?"

कुठलाच नको. एक इंग्रजी कथा घ्या, पहिली दोन पानं मराठीत उतरवा आणि खुशाल वाईट उतरवा. जिथे पेन थांबेल तिथे खूण करा. अभ्यासक्रमात साहित्याचं विश्लेषण एका पेपरात आणि भाषांतर दुसऱ्या पेपरात असतं, त्यामुळे ही दोन वेगळी कामं वाटतात. टेबलाशी बसल्यावर ती एकच असतात. भाषांतर जिथे अडतं तिथेच मूळ लेखकाने काहीतरी केलेलं असतं, आणि ते काय केलंय हे शोधणं म्हणजेच विश्लेषण. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

कथा निवडताना

लहान निवडा, पाच-सहा पानांची. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करणारे तिसऱ्या आठवड्यात दिसेनासे होतात.

दुसरं म्हणजे हक्क. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क असतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढल्या वर्षापासून मोजतात. पेपरासाठी चार ओळी केल्या तर कुणी विचारत नाही, पण अंकात छापायचं असेल तर परवानगी आधी, भाषांतर नंतर. नवख्याने हक्क संपलेला लेखकच घ्यावा. आयरिश लेखक जेम्स जॉइस १९४१ साली गेला, म्हणजे २००१ संपलं तेव्हा आपल्याकडे त्याचे हक्क संपले. आम्ही बहुतेक वेळा त्याचीच 'एव्हलिन' घेतो. ती १९०४ मध्ये एका आयरिश साप्ताहिकात आली आणि १९१४ च्या 'डब्लिनर्स' या संग्रहात गेली. एकोणीस वर्षांची मुलगी खिडकीशी बसली आहे. आई वारली आहे, बाप दारुडा आहे, आणि आज रात्रीच्या बोटीने फ्रँक नावाच्या खलाशाबरोबर तिला ब्यूनस आयर्सला जायचं आहे. गोष्ट एवढीच. गोव्यातल्या वाचकाला बोट, धक्का आणि परदेशी गेलेली माणसं समजावून सांगावी लागत नाहीत, म्हणून ती इथे चटकन पोचते. त्यातच धोकाही आहे. त्याकडे पुढे येऊ.

तीन वाचनं

पहिलं वाचन सलग करायचं, शब्दकोश न उघडता. दुसरं पेन्सिल घेऊन करायचं: कोण बोलतंय, कुठला शब्द परत येतोय, कुठलं वाक्य उगाच लहान आहे. तिसरं मोठ्याने. लाज वाटत असेल तर दार लावून घ्या, पण मोठ्यानेच. इंग्रजी आपण डोळ्यांनी शिकलो, कानांनी फारसं नाही, आणि वाक्याचा वेग डोळ्यांना कळत नाही.

आय. ए. रिचर्ड्स हा इंग्रज समीक्षक केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता द्यायचा आणि लिहून आणा म्हणायचा. त्या उत्तरांतून १९२९ मध्ये त्याचं 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' तयार झालं, आणि आपण ज्याला सूक्ष्म वाचन म्हणतो त्याची पायवाट तिथून पडली. तसाच प्रयोग घरी करा. लेखकाचं चरित्र, प्रस्तावना, इंटरनेटवरचं सारांशाचं पान, सगळं पहिल्या खर्ड्यापर्यंत बंद.

खर्डा आणि वही

आता उतरवा. शेजारी एक वही ठेवा, डाव्या पानावर मूळ वाक्य, उजव्या पानावर आपण का थांबलो ते. आमच्यात तिला 'अडलेल्या जागांची वही' म्हणतात. मशीनकडून भाषांतर करून घेऊन ते दुरुस्त करण्याचा मोह होईल. पोटासाठी करायच्या कामात करा, हरकत नाही. शिकायच्या काळात नको. मशीन अडत नाही, आणि तुम्हाला हवं आहे ते अडणंच.

'एव्हलिन'च्या पहिल्या वाक्यात ती खिडकीशी बसून रस्त्यावर संध्याकाळ येताना बघते आहे. पण संध्याकाळ नुसती येत नाही. जॉइसने क्रियापद घातलंय 'इन्व्हेड', शत्रू मुलखात घुसतो ते. दर वर्षी पहिल्या खर्ड्यात निम्मे लोक लिहितात, 'संध्याकाळ उतरत होती.' मराठी छान आहे, कानाला गोड आहे आणि चूक आहे. मराठीत संध्याकाळ उतरते, दाटते, कलते. आपल्या भाषेच्या सवयीने जॉइसचं आक्रमण गिळून टाकलं. 'चाल करून येत होती' म्हटलं तर पोवाड्याचा सूर लागतो. बऱ्याच खटपटीनंतर आम्ही इथे थांबलो: 'खिडकीशी बसून ती बघत होती, संध्याकाळ रस्त्याचा ताबा घेत होती.' ताबा हा शब्द कोर्टातला, घराच्या भांडणातला. गोष्ट घराचीच आहे, तेव्हा चालतो.

त्यापुढचं वाक्य आणखी बघण्यासारखं आहे. तिने डोकं टेकवलेलं नाही, डोकं टेकलेलं आहे. ती वास घेत नाही, तिच्या नाकात वास आहे. इथे मराठी आपल्या मदतीला येते: 'डोकं पडद्यांना टेकलेलं होतं आणि नाकात धुळकट छिटाचा वास होता.' मूळ कापड क्रेटॉन, पडद्यांसाठी वापरतात ते जाड छापील सुती कापड. छीट तितकं जाड नसतं, पण 'छापील जाड सुती कापडाचा वास' लिहिलं की वाक्य दुकानाच्या बिलासारखं वाचलं जातं. मी छिटावर समाधान मानते.

आता दोन-तीन पानं पुढे जा. वेळ संपत आली आहे, ती अजून खिडकीशीच आहे, पडद्याला डोकं लावून, आणि तोच धुळकट छिटाचा वास. शब्द तेच, फक्त क्रियापद बदललंय. आता ती तो वास आत ओढून घेते आहे. सुरुवातीला घर तिच्या नाकात शिरलं होतं, आता ती स्वतःच ते श्वासातून आत घेते. ती जाणार नाही हे कथेच्या शेवटी कळतं, पण जॉइसने ते इथे, एका क्रियापदात, सांगून टाकलंय. मला हे वाचनात दिसलं नव्हतं. दोन्ही वाक्यं मराठीत एकाखाली एक लिहिली तेव्हा दिसलं.

म्हणून नियम: मुळात शब्द परत आला तर भाषांतरातही तोच परत यायला हवा. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की एकच शब्द पुन्हा वापरू नये. ते निबंधापुरतं. एका दिवाळी अंकाला मी ही कथा दिली होती. छापून आली तेव्हा संपादकांनी 'धूळ' एका ठिकाणी 'केर' आणि एका ठिकाणी 'पुटं' केली होती, भाषा नटवायला. मुलगी इतकी वर्षं दर आठवड्याला झाडपूस करते आणि एवढी धूळ येते कुठून म्हणून नवल करते, त्या कथेत धूळ हे जवळजवळ पात्रच आहे. त्या पात्राची तीन नावं झाली.

कोण बोलतंय

नवख्यांची सगळ्यात मोठी अडचण इथे असते, म्हणून इथे जरा थांबू. एव्हलिनने जायला होकार दिलाय, आणि लगेच प्रश्न येतो, हे शहाणपणाचं होतं का? इंग्रजीत वाक्य भूतकाळात आणि तृतीयपुरुषात आहे, पण प्रश्न निवेदकाचा नाही, तिचा आहे. 'ती मनात म्हणाली' असं कुठेही नाही. याला मुक्त अप्रत्यक्ष कथन म्हणतात. पात्राचं मन आणि निवेदकाचं व्याकरण एकाच वाक्यात नांदतात.

मराठीत हे कठीण का होतं? कारण आपल्याकडे अप्रत्यक्ष कथनात काळ मागे सरकत नाही. 'ती म्हणाली की मी येते' असं आपण म्हणतो. इंग्रजी तिथे 'मी'ची 'ती' करते आणि क्रियापद मागे ढकलते. त्यामुळे 'हे शहाणपणाचं होतं का?' असं शब्दशः लिहिलं तर मराठी कानाला निवेदक न्यायाधीश होऊन मागचा हिशेब मांडतोय असं वाटतं. 'हे शहाणपणाचं आहे का?' लिहिलं तर आपण थेट तिच्या डोक्यात शिरतो आणि निवेदक गायब होतो. अशा वेळी क्रियापदाशी झगडत बसू नका, वाक्यच बदला. 'केलं ते बरं केलं का?' यातलं 'केलं' दोन्ही बाजूंना लागू पडतं. पुढे, दुकानातल्या लोकांना कळलं की काय म्हणतील, या वाक्यात तर दुकानातल्या बायकांचा आवाजही मिसळलाय: 'पोराचा हात धरून पळाली म्हटल्यावर दुकानात काय म्हणतील?'

हे नीट कळलं की फ्रँकबद्दलचा जुना वादही कळतो. फ्रँक मायाळू, मर्दानी, मोकळ्या मनाचा आहे असं कथेत लिहिलंय. पण ते म्हणतंय कोण? ह्यू केनर या समीक्षकाने संशय घेतला की फ्रँक तिला अर्जेंटिनाला नेणारच नव्हता. डब्लिनच्या त्या धक्क्यावरून रात्रीची बोट लिव्हरपूलला जायची. केनर बरोबर की चूक, हे भाषांतरकाराने ठरवायचं नाही. 'तिला तो मायाळू वाटायचा' असं लिहिलंत तर संशय तुम्ही आधीच वाचकाच्या हातात दिलात. 'फ्रँक फार मायाळू होता' एवढंच ठेवा.

आणखी एक पेच इंग्रजीत नाहीच, तो मराठीनेच उभा केलाय. इंग्रजीत बाप आणि प्रियकर दोघेही एकाच सर्वनामात बसतात. आपल्याला 'तो' की 'ते' हे पहिल्या ओळीपासून ठरवावं लागतं. बाप पोरांना मैदानातून काठी घेऊन हाकलायचा, आता तिला त्याच्या हाताची धास्ती वाटते, तरी 'कधीकधी फार चांगले वागायचे' असंही तिला आठवतं. आमच्याकडे सत्तरी तालुक्यातून येणारी एक मुलगी म्हणाली, "असल्या माणसाला ते कशाला म्हणायचं?" मी म्हटलं, "तू नको म्हणूस. ती म्हणेल." जिच्या डोळ्यांनी कथा दिसते तिच्या तोंडचं सर्वनाम घ्यायचं. बाबा म्हणजे 'ते', फ्रँक म्हणजे 'तो'. या 'ते'मुळेच तिचं न जाणं मराठी वाचकाला आधीपासून जाणवायला लागतं. एखाद्या वेळी भाषांतराला असं काही फुकटात मिळून जातं.

वस्तू, आणि गोव्याचा मोह

घराच्या भिंतीवर एका धर्मगुरूचा पिवळा पडलेला फोटो आहे आणि त्याखाली मोडका हार्मोनियम. पहिल्या खर्ड्यात सगळे लिहितात 'पेटी'. पेटी म्हटली की भजन डोळ्यांपुढे येतं आणि ती कुणाच्या तरी मांडीशी असते. पण फोटो जर तिच्या वर भिंतीला टांगलाय, तर ही वस्तू जमिनीवर उभी आहे, फर्निचरसारखी. म्हणजे पायाने भाता मारायची. आपल्या संगीत नाटकांनी तिला शब्द देऊन ठेवलाय: पायपेटी. शब्दकोशात 'हार्मोनियम' शोधून हे सापडलं नसतं. खोलीचा नकाशा काढल्यावर सापडलं. कथेतल्या खोलीचा नकाशा खरंच कागदावर काढा.

शब्दकोश मात्र हवेतच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मोल्सवर्थ उलटा वापरा: इंग्रजी शब्द टाका, ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात तो येतो ते सगळे समोर येतात. छीट मला तिथेच आठवलं. छापील प्रती चाळायच्या तर पणजीत पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे.

आता तो धोका. कथेत बेलफास्टहून आलेला माणूस मैदान विकत घेऊन तिथे लखलखीत विटांची घरं बांधतो. एकाने सहज 'चिऱ्याची घरं' लिहिलं. आपल्याकडे घर म्हटलं की चिरा, म्हणजे तांबडा जांभा दगड, हातच तसा वळतो. दुसऱ्याने फ्रँकला 'तारवटी' केलं, म्हणजे कोकणीतला खलाशी. शब्द सुंदर आहे, आपल्या आजोबा-पणजोबांचा आहे, पण एवढ्या एका शब्दाने डब्लिनची बोट आपल्या मुरगाव बंदराला लागली. फ्रँक खलाशीच राहू दे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात कोकणी, तर देवळातल्या कीर्तनात आणि वर्तमानपत्रात मराठी, त्यामुळे कोकणी शब्द आणि वळणं नकळत येतात. ती चूक आहे असं मी म्हणत नाही, पण नकळत येऊ देऊ नका. आणली तर आणली असं वहीत लिहून ठेवा.

या बाबतीत आपला पूर्वज एक इंग्रजच आहे. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये इथल्याच रायतूरला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. मराठी ओव्या, अक्षरं रोमन. स्वर्गातल्या पित्याला त्याने 'देव बाप' म्हटलं आणि स्वर्गाला बेधडक वैकुंठ, पण चर्चमधले काही शब्द पोर्तुगीजच ठेवले. कुठे आपलंसं करायचं आणि कुठे परकं ठेवायचं, हे तो शब्दागणिक ठरवत होता. एकच धोरण घेऊन तो बसला नाही. तुम्हीही बसू नका.

सिद्धांत, आता

दुसरा खर्डा झाल्यावर वाचा, म्हणजे वाचलेलं तुमच्या वहीतल्या जागांना जाऊन चिकटेल. जर्मन विचारवंत श्लायरमाखरने १८१३ च्या व्याख्यानात दोन वाटा सांगितल्या: वाचकाला लेखकाकडे न्या, किंवा लेखकाला वाचकाकडे आणा. अमेरिकन अभ्यासक नायडाने १९६४ मध्ये रूपाची समतुल्यता (मुळाच्या रचनेशी जुळणं) आणि परिणामाची समतुल्यता (वाचकावर तसाच परिणाम होणं) असा भेद केला. बायबलच्या भाषांतरातून आलेला माणूस, परिणामाकडे त्याचा कल. व्हेनुटी या अमेरिकन भाषांतरकार-अभ्यासकाने १९९५ मध्ये उलट बाजूने विचारलं की भाषांतर 'मुळातच मराठीत लिहिल्यासारखं' वाटावं ही मागणी कुणाच्या सोयीची? (तो इंग्रजीबद्दल बोलत होता, आपण मराठी घालून वाचायचं.) भाषांतरात मजकूर कसकसा बिघडतो त्याची यादी फ्रेंच अभ्यासक बेरमानने केली आहे. तिच्यात वाक्य नटवणं आहे, पुनरुक्ती मोडणंही आहे. आमच्या धुळीचं दुःख त्याने आधीच लिहून ठेवलं होतं.

मराठीचं स्वतःचं उदाहरण यापेक्षा सोपं आहे. शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो' महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये त्याच नावाने आणला आणि देवलांनी १८९० मध्ये त्याचा 'झुंजारराव' केला. पहिलं भाषांतर, दुसरं रूपांतर. रंगभूमीवर गाजला तो झुंजारराव. आपण काय करतोय ते शीर्षकाखाली प्रामाणिकपणे लिहावं, एवढं पुरे.

वसाहतवादाचा चष्मा गोव्यात फार लवकर डोळ्यांवर चढतो. कथा लिहिली तेव्हा आयर्लंड इंग्रजांच्या ताब्यात, आपण १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या, मग 'इन्व्हेड' म्हणजे साम्राज्यच, असा निबंध दर वर्षी एक तरी येतो. असेलही. पण त्या वाक्यात आधी दमलेली मुलगी आहे. तिच्यावरून उडी मारून साम्राज्यावर जाऊ नका.

टिपण कसं लिहावं

पेपरासाठी भाषांतरासोबत टिपण मागतात. तिथे लोक सिद्धांतकारांची नावं ओळीने उभी करतात. त्याऐवजी वहीतल्या चार जागा घ्या आणि प्रत्येकीबद्दल सांगा: मुळात काय आहे, तुम्ही काय काय करून पाहिलं, काय ठेवलं, काय हातचं गेलं. परीक्षकाला तुमचं डोकं तिथे दिसतं. त्याआधी एकदा भाषांतर मूळ कथा न वाचलेल्या कुणाला तरी वाचून दाखवा आणि तो कुठे कंटाळतो ते बघा. आमच्याकडे ते काम बँकेतले काका करतात. डोळे मिटले की समजायचं वाक्य लांबलंय.

काही जागा सुटत नाहीत. आई मरताना दोन शब्द सारखे बोलत राहते, 'देरेवाउन सेराउन'. ते शब्द आयरिश भाषेतले आहेत की नुसती भ्रमातली बडबड, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एव्हलिनलाही ते कळत नाहीत, तेव्हा वाचकाला कळवून देऊ नका आणि तळटीपही नको.

आणि शेवटचं वाक्य. बंदरावर ती कठडा धरून उभी आहे, तिच्या डोळ्यांत त्याच्यासाठी ना प्रेम, ना निरोप, ना ओळख. इंग्रजीत कथा 'ओळख' या शब्दावर थांबते. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि कथा 'नव्हती'वर संपते. 'ना-ना' केलं की नाट्यपद होतं. सध्या आमच्या वहीत आहे ते असं: 'तिच्या डोळ्यांत त्याच्यासाठी खूण नव्हती, प्रेमाची नाही, निरोपाची नाही, ओळखीचीही.' त्या 'ही'वर काकांचा आक्षेप आहे. या रविवारी परत बसणार आहोत.